जुना संगणक हँग होऊ लागला तर: काय तपासावे आणि कोणत्या क्रमाने

आमच्या इमारतीत राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकांचा लॅपटॉप गेल्या वर्षी माझ्याकडे आला, तेव्हा त्यांनी त्यातली नातवंडांची जवळपास सगळी छायाचित्रे पुसून टाकलेली होती. पडद्यावर मेमरी कमी पडत असल्याची सूचना वारंवार येत होती, आणि ‘फोटोंनी मेमरी भरली असेल, ते काढून टाका’ असे त्यांना कोणीतरी सांगितले होते. फोटो गेले आणि लॅपटॉप मात्र पूर्वीइतकाच अडखळत राहिला. रिसायकल बिन रिकामी करायची राहून गेली होती, म्हणून ती छायाचित्रे परत मिळाली. मेमरी या शब्दाच्या गोंधळातून इतके मोलाचे काही कायमचे जाऊ शकते, हे त्या दिवशी मला फार लागले, आणि म्हणून हा लेख मी थोडा सविस्तर लिहीत आहे. जुना संगणक मंद होण्याची कारणे मोजकीच असतात व त्यांतली बहुतेक घरच्या घरी ओळखता येतात. मात्र आधी मोजमाप करावे आणि मगच काही पुसावे, विकत घ्यावे किंवा फॉरमॅट मारावे.

बोलताना आपण मोबाइलच्या, पेन ड्राइव्हच्या आणि संगणकाच्या साठवणीला मेमरी म्हणतो आणि रॅमलाही मेमरीच म्हणतो. लग्नाचा बस्ता बांधायला कापडाच्या दुकानात गेलो, की दुकानदार गादीवर साड्या उलगडत जातो आणि त्याच्या हाकेसरशी माळ्यावरून नवे गठ्ठे खाली येतात. गादी ऐसपैस असेल तर वीस साड्या शेजारी शेजारी पसरून पाहता येतात. ती लहान असेल तर नवी साडी उलगडण्याआधी आधीची घडी घालून माळ्यावर पाठवावी लागते, आणि पाच मिनिटांनी कोणी ‘ती मघाची मोरपंखी पुन्हा दाखवा’ म्हटले की तोच खटाटोप परत करावा लागतो. रॅम म्हणजे ही गादी. हार्ड डिस्क म्हणजे माळा. माळ्यावरचे जुने गठ्ठे काढून टाकले म्हणून गादी रुंद होत नाही, तसेच फोटो पुसून रॅम वाढत नाही.

रॅम भरली की विंडोज तिच्यातला तूर्त न लागणारा मजकूर सी ड्राइव्हवरच्या ‘पेजफाइल’ नावाच्या लपवलेल्या फाइलमध्ये नेऊन ठेवते आणि लागला की परत आणते. रॅममधली माहिती मिळायला साधारण १०० नॅनोसेकंद लागतात, तर फिरत्या हार्ड डिस्कवरची एखादी तुटक जागा गाठायला १० मिलिसेकंदांच्या आसपास वेळ जातो. म्हणजे फरक सुमारे एक लाख पटींचा आहे. जुन्या संगणकावर टॅब बदलला की पडदा पांढरा पडून राहतो आणि डिस्कचा दिवा सतत लुकलुकतो, तेव्हा ही ने-आणच चाललेली असते. याच माळ्याशी रॅमचा आणखी एक संबंध आहे आणि त्या शिक्षिकांच्या लॅपटॉपचे दुखणे तिथेच होते. त्याकडे पुढे येतो.

पुढचे विवेचन मुख्यतः विंडोज १० असलेला, ४ जीबी रॅमचा आणि फिरत्या हार्ड डिस्कचा लॅपटॉप डोळ्यांसमोर ठेवून केले आहे, कारण घराघरांत आजही तो मोठ्या संख्येने आढळतो.

पहिली पायरी: शट डाउन नव्हे, रीस्टार्ट

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. ती चालू असताना शट डाउन केले तरी संगणक पुरता बंद होत नाही; विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर (यंत्राचे निरनिराळे भाग चालवणारे छोटे प्रोग्रॅम) डिस्कवर जतन होतात आणि दुसऱ्या दिवशी तिथूनच उचलले जातात. त्यामुळे रोज रात्री संगणक बंद करणाऱ्या माणसाचीही विंडोज महिनाभर सलग चाललेली असू शकते, आणि एखाद्या ड्रायव्हरने अडवून ठेवलेली मेमरी तशीच अडकून राहते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळे नव्याने सुरू होते. म्हणून मोजमाप करण्यापूर्वी एकदा रीस्टार्ट करावे आणि नंतर दहा मिनिटे कशालाही हात लावू नये, कारण सुरुवातीच्या काही मिनिटांत संगणक स्वतःचीच कामे उरकत असतो व तेव्हाचे आकडे दिशाभूल करतात.

दुसरी पायरी: टास्क मॅनेजरचे आकडे कागदावर उतरवणे

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणे एकत्र दाबली की टास्क मॅनेजर उघडतो. विंडोज १० मध्ये तो पहिल्यांदा छोट्या चौकटीत उघडल्यास तळाशी असलेल्या ‘मोअर डिटेल्स’वर टिचकी मारावी. नंतर ‘परफॉर्मन्स’ या पानावर जावे. डावीकडे सीपीयू, मेमरी आणि डिस्क असे भाग दिसतील. आपण बोलताना सगळ्या डब्यालाच सीपीयू म्हणतो. इथे त्याचा अर्थ फक्त प्रोसेसर असा आहे.

हे आकडे दोनदा लिहावेत: एकदा काहीही न उघडता आणि एकदा रोजचे काम सुरू असताना, म्हणजे ब्राउझरमध्ये नेहमीइतके टॅब, एखादी वर्डची फाइल आणि जे काही आपण खरोखर वापरतो ते सगळे उघडून. शिक्षिकांच्या लॅपटॉपचा माझ्याकडचा कागद असा होता: काही न उघडता मेमरी ३.९ पैकी २.३ जीबी, क्रोममध्ये आठ टॅब उघडल्यावर ३.६ जीबी, त्याच वेळी डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर जेमतेम २० टक्के. एवढ्या चार आकड्यांतून बरेच कळते. प्रोसेसर रिकामा बसलेला, गादी भरलेली आणि माळ्यावर झुंबड. असे चित्र दिसले तर प्रोसेसर जुना झाला म्हणून नवा लॅपटॉप घेण्याची घाई करू नये.

मेमरीच्या पानावर खाली ‘कमिटेड’ असा एक आकडा दोन भागांत लिहिलेला असतो, आणि नवख्या माणसाचे त्याच्याकडे हमखास दुर्लक्ष होते. डावीकडचा भाग म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमनी मिळून मागितलेली आणि विंडोजने कबूल केलेली मेमरी. उजवीकडचा म्हणजे रॅम आणि पेजफाइल मिळून संगणकाची एकूण ऐपत. डावा आकडा उजव्याच्या अगदी जवळ पोचला की मेमरी कमी पडत असल्याची सूचना येते, प्रोग्रॅम आपोआप बंद पडू लागतात आणि न जतन केलेले काम जाते. त्या लॅपटॉपवर हा आकडा ६.८ आणि ७.१ असा होता. विंडोज एरवी गरजेनुसार पेजफाइल वाढवते, पण त्यासाठी सी ड्राइव्हवर जागा लागते. आपल्याकडे विक्रेते एकाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देतात. शिक्षिकांच्या सी ड्राइव्हवर दोन जीबीसुद्धा शिल्लक नव्हती आणि फोटो होते डी ड्राइव्हवर. म्हणजे फोटो कायमचे पुसले असते तरी पेजफाइलला एक इंचही जागा मिळाली नसती.

उलट एक आकडा पाहून घाबरायचे कारण नसते. ‘कॅश्ड’ या नावाखाली बरीच रॅम व्यापलेली दिसते. रिकामी रॅम नुसती पडून राहण्यापेक्षा नुकत्याच वापरलेल्या फायली तिच्यात ठेवलेल्या बऱ्या, या हिशेबाने विंडोज ती वापरते आणि दुसऱ्या कोणाला गरज पडताच क्षणात सोडते. ‘रॅम क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ म्हणवणारी सॉफ्टवेअर हाच साठा उडवून आकडा कमी करून दाखवतात, आणि मग त्याच फायली डिस्कवरून पुन्हा आणाव्या लागल्याने संगणक आणखी मंद होतो. अशी सॉफ्टवेअर मुळीच बसवू नयेत आणि बसवलेली असल्यास काढून टाकावीत.

शंका राहिली तर परफॉर्मन्सच्या पानाच्या तळाशी ‘रिसोर्स मॉनिटर’चा दुवा असतो. त्यातल्या मेमरीच्या पानावर ‘हार्ड फॉल्ट्स’ या नावाचा आलेख दिसतो. नाव भीतिदायक असले तरी तो बिघाड नव्हे. हवा असलेला मजकूर रॅममध्ये न सापडल्यामुळे डिस्कवर किती वेळा जावे लागले, याची ती मोजदाद आहे. प्रोग्रॅम उघडताना तो उसळतो, ते स्वाभाविक आहे. काम स्थिर असतानाही तो सतत उंचच राहत असेल, तर रॅम अपुरी आहे हे निश्चित समजावे.

तिसरी पायरी: दुखणे मेमरीचे नसण्याची शक्यता तपासणे

मेमरीचा वापर साठ-सत्तर टक्क्यांवर असूनही डिस्क सतत १०० टक्के राहत असेल, तर हार्ड डिस्क खराब होऊ लागली असण्याची शक्यता असते. लॅपटॉपच्या डिस्क बहुधा मिनिटाला ५४०० फेरे फिरतात आणि निरोगी असल्या तरी मंदच असतात. पण एखादा भाग खराब झाला की तोच भाग पुनःपुन्हा वाचण्याच्या प्रयत्नात सगळा संगणक थिजतो. क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर डिस्कने स्वतःच ठेवलेली प्रकृतीची नोंद दाखवते. तिथे ‘गुड’ऐवजी ‘कॉशन’ किंवा ‘बॅड’ दिसले, किंवा डिस्कमधून टकटक असा ठरावीक आवाज येऊ लागला, तर या लेखातले बाकी सगळे बाजूला ठेवून आधी आपला डेटा दुसरीकडे उतरवून घ्यावा. त्या अवस्थेत डीफ्रॅगमेंट करणे (विखुरलेल्या फायली सलग लावणे) किंवा डिस्कची लांबलचक दुरुस्ती चालवणे म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणे आहे.

दुसरे कारण उष्णता. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग उतरवतो. टास्क मॅनेजरमध्ये सीपीयूच्या पानावर मूळ वेग आणि चालू वेग दोन्ही दिसतात. मूळ वेग २ गिगाहर्ट्झच्या पुढे असताना भरपूर काम चालू असूनही चालू वेग ०.८ च्या आसपास अडकला असेल आणि पंखा घोंघावत असेल, तर उष्णतेचा संशय घ्यावा. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, त्या दिवसांत गादीवर किंवा उशीवर ठेवलेला लॅपटॉप हमखास मंदावतो, कारण त्याची हवा आत घेण्याची जाळी खालच्या बाजूला असते. पंख्याजवळ धुळीची वाकळ साठलेली असते, ती ब्लोअरने काढावी. मात्र हवा मारताना पंख्याची पाती काडीने अडवून धरावीत, नाहीतर जोराने फिरून पंखा बिघडतो. सातआठ वर्षांच्या यंत्रात प्रोसेसरवरची, त्याची उष्णता पुढे नेणारी थर्मल पेस्टही वाळलेली असते. ती बदलण्याचे काम सवय नसलेल्याने जाणकाराकडूनच करून घ्यावे. काही लॅपटॉप आपला मूळ चार्जर ओळखला नाही तरीही वेग उतरवतात, हेही ध्यानात ठेवावे.

चौथी पायरी: एक पैसाही खर्च न करता करण्याच्या गोष्टी

सर्वांत मोठी बचत ब्राउझरमध्ये होते. क्रोम आणि एज हे ब्राउझर सुरक्षिततेसाठी टॅब आणि एक्स्टेन्शन (ब्राउझरला जोडलेली छोटी जादा साधने) वेगवेगळ्या प्रक्रियांमध्ये चालवतात, त्यामुळे एक टॅब कोसळला तरी बाकीचे वाचतात, पण रॅम भरपूर लागते. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबले की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो आणि कोणता टॅब किती मेमरी खातो हे नावानिशी दिसते. एकदा ही यादी पाहिली की सल्ला देण्याची गरजच उरत नाही. जाहिरातींनी भरलेले एखादे बातम्यांचे पान काही न करता तीन-चारशे एमबी अडवून बसलेले दिसते. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘परफॉर्मन्स’ या भागात ‘मेमरी सेव्हर’ चालू करावे. एजमध्ये ‘स्लीपिंग टॅब्ज’ हीच सोय देते. वापरात नसलेले टॅब त्यामुळे झोपवले जातात. शिवाय ब्राउझर बंद केल्यावरही पार्श्वभूमीत चालू राहण्याची परवानगी दोन्हींच्या ‘सिस्टिम’ या भागात असते, ती काढून घ्यावी. न लागणारी एक्स्टेन्शन एकेक करून काढावीत.

त्यानंतर टास्क मॅनेजरमधल्या ‘स्टार्टअप’ या पानावर जावे. संगणक सुरू होताच आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची ही यादी आहे. प्रिंटरसोबत आलेले सॉफ्टवेअर, व्हिडिओ कॉलची ॲप, गाण्यांची ॲप, निरनिराळे अपडेटर असे बरेच काही तिथे जमलेले असते. त्यांना ‘डिसेबल’ केल्याने ते पुसले जात नाहीत, फक्त आपण बोलावू तेव्हाच येतात. ध्वनी, टचपॅड, ग्राफिक्स आणि अँटिव्हायरस यांच्याशी संबंधित नोंदींना हात लावू नये. एखादे नाव अनोळखी वाटल्यास ते तसेच राहू द्यावे आणि आधी त्याची माहिती काढावी.

अँटिव्हायरस एकच असावा. एकाची मुदत संपली म्हणून दुसरा बसवला आणि पहिला तसाच राहिला, असे मी अनेक संगणकांवर पाहिले आहे. दोघेही प्रत्येक फाइल उघडताना तपासतात आणि मंद डिस्कचा जीव घेतात. जपून वापर करणाऱ्या घरगुती माणसाला विंडोजमधला डिफेंडर पुरेसा आहे, आणि बाहेरचा अँटिव्हायरस काढला की तो आपणहून जागा होतो.

आता सी ड्राइव्हकडे. ‘सेटिंग्ज’, ‘सिस्टिम’ आणि ‘स्टोरेज’ असे गेल्यावर जागा कशाने व्यापली आहे ते विभागवार दिसते. तात्पुरत्या फायली आणि मोठ्या अपडेटनंतर मागे राहिलेली जुनी विंडोज येथूनच काढावी. या यादीत काही वेळा ‘डाउनलोड्स’ हे फोल्डरही असते, आणि अनेक जण आपली महत्त्वाची कागदपत्रे तिथेच ठेवतात. म्हणून खुणा करण्यापूर्वी प्रत्येक ओळ वाचावी. सी ड्राइव्हचा साधारण पाचवा हिस्सा मोकळा राहील असे पाहावे. डी ड्राइव्ह रिकामा असेल तर मोठे फोल्डर सीवरून तिकडे हलवावेत. मी त्या लॅपटॉपवर पुसण्याऐवजी फक्त हलवाहलव केली, सीवर २२ जीबी मोकळी झाली, आणि मेमरी कमी पडत असल्याची सूचना त्याच दिवशी थांबली. वेग अर्थातच तेवढ्याने आला नाही, कारण पेजफाइलला जागा मिळाली असली तरी गादी होती तेवढीच होती.

पेजफाइल बंद केल्यास रॅमवरचा भार कमी होतो, असा सल्ला काही ठिकाणी दिला जातो. कमी रॅमच्या संगणकावर तो घातक आहे. माळाच काढून घेतला तर गादी भरल्यावर प्रोग्रॅम बंद पडण्याखेरीज मार्ग उरत नाही. पेजफाइलचा आकार ठरवण्याचे काम विंडोजकडेच सोपवावे.

एखादा प्रोग्रॅम सकाळी २०० एमबी आणि संध्याकाळी कसलेही जादा काम न देता दीड जीबी घेत असेल, तर तो घेतलेली मेमरी परत करत नाही असे समजावे. तो प्रोग्रॅम बंद करून पुन्हा उघडणे हा तात्पुरता आणि त्याची नवी आवृत्ती घेणे हा कायमचा उपाय.

पाचवी पायरी: रॅम वाढवणे

एवढे करूनही रोजच्या कामात मेमरी नव्वद टक्क्यांच्या वर राहत असेल, तरच पैसे खर्च करण्याचा विचार करावा. खरेदीपूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, विंडोज ३२-बिट आहे की ६४-बिट. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’च्या ‘अबाउट’ या पानावर ते लिहिलेले असते. ३२-बिट विंडोजच्या घरगुती आवृत्त्या ४ जीबीपुढची रॅम वापरू शकत नाहीत, आणि त्यातलीही साधारण सव्वातीन ते साडेतीन जीबीच हाती लागते. अशा संगणकात ८ जीबी बसवणे व्यर्थ आहे. प्रोसेसर ६४-बिटचा असल्यास आधी ६४-बिट विंडोज नव्याने बसवावी लागते, आणि तसे करताना जुनी विंडोज काढावी लागत असल्याने डेटाची प्रत घेणे अनिवार्य असते.

दुसरी, रॅमचा प्रकार. डीडीआर३ आणि डीडीआर४ या रॅमच्या दोन पिढ्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत. पट्टीच्या खालच्या कडेला असलेली खाच वेगळ्या ठिकाणी असते. लॅपटॉपची पट्टी आखूड असते, तिला एसओडिम म्हणतात: डीडीआर३ च्या पट्टीला २०४ आणि डीडीआर४ च्या पट्टीला २६० पिना असतात. यात एक सापळा आहे. डीडीआर३ च्या लॅपटॉप पट्ट्या १.५ व्होल्टच्या आणि १.३५ व्होल्टच्या अशा दोन जातींच्या मिळतात, आणि दुसरीच्या नावापुढे एल हे अक्षर असते. दिसायला दोन्ही सारख्या, खाचही सारखी. पण ज्या लॅपटॉपला एलच लागते त्यात साधी पट्टी घातली तर तो बहुधा सुरूच होत नाही. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाताना जुनी पट्टी काढून सोबत न्यावी आणि तिच्यावरचे लेबल दुकानदाराला दाखवावे, एवढ्याने निम्म्या चुका टळतात.

तिसरी, रिकामी जागा. टास्क मॅनेजरमधील मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ या नोंदीपुढे दोनपैकी एक वापरात आहे की दोन्ही, ते दिसते. काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते, तिथे वाढ करता येत नाही. कमाल किती रॅम चालते ते मॉडेल क्रमांकावरून उत्पादकाच्या माहितीपत्रकात पाहावे.

बसवताना चार्जर काढावा, बॅटरी निघत असल्यास काढावी आणि पॉवरचे बटण दहा-पंधरा सेकंद दाबून धरावे, म्हणजे उरलीसुरली वीज निघून जाते. सिंथेटिक कपडे घालून गालिच्यावर बसू नये. हाताची स्थिर वीज उतरावी म्हणून आधी एखाद्या धातूच्या वस्तूला स्पर्श करावा. पट्टी कडेने धरावी, सोनेरी पिनांना बोट लावू नये. खाच जुळवून ती साधारण तीस अंशांच्या तिरक्या कोनात आत सरकवावी, पिनांची सोनेरी ओळ जवळजवळ दिसेनाशी झाली की वरून अलगद दाबावी. दोन्ही बाजूंचे चाप ‘टक्’ असा आवाज करून धरतात. जोर लावावा लागत असेल तर काहीतरी चुकते आहे, थांबावे आणि खाच पुन्हा पाहावी. नंतर पडदा काळाच राहिला किंवा बीप वाजू लागली, तर बहुतेक वेळा पट्टी पुरती बसलेली नसते.

कोकणासारख्या दमट हवेत पिनांवर पुट चढते, आणि रॅम काढून खोडरबरने पुसण्याचा उपाय आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. तो काम करतो, पण सोन्याचा मुलामा अत्यंत पातळ असतो. त्यामुळे खरखरीत शाईचा रबर वापरू नये, मऊ पांढऱ्या रबराने एक-दोन हलके हात पुरे, आणि रबराचा चुरा स्लॉटमध्ये जाऊ देऊ नये. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेले सुती कापड त्याहून चांगले.

संगणक सुरू झाल्यावर विंडोजमधले ‘मेमरी डायग्नोस्टिक’ एकदा चालवावे. सदोष रॅम लगेच उघडी पडत नाही; ती आठवड्याने एखादी फाइल बिघडवते आणि दोष भलत्यावरच जातो.

सहावी पायरी: हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी

रॅम आणि एसएसडी (म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपांवर माहिती साठवणारी डिस्क) यांपैकी एकच परवडत असेल तर काय घ्यावे, असे मला नेहमी विचारले जाते. रॅम ४ जीबी असेल आणि डिस्क फिरती असेल, तर आधी एसएसडी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. फिरती डिस्क सेकंदाला शंभराच्या आसपास तुटक वाचने करते, तर साधी साटा (म्हणजे हार्ड डिस्कच्याच जोडणीची) एसएसडी हजारोंनी करते. त्यामुळे गादी लहानच राहिली तरी माळ्यावरून गठ्ठा यायला वेळ लागत नाही. रॅम २ जीबी असेल तर मात्र आधी रॅम, कारण अखंड ने-आण एसएसडीलाही झिजवते. जुन्या लॅपटॉपला अडीच इंची साटा एसएसडी लागते, आणि ती हार्ड डिस्कच्याच जागी, त्याच स्क्रूंनी बसते.

जुन्या डिस्कची हुबेहूब नक्कल एसएसडीवर उतरवता येते. क्लोनझिला हे मोफत साधन त्यासाठी चांगले असले तरी नवी डिस्क जुनीइतकी किंवा तिच्याहून मोठी असावी अशी त्याची सर्वसाधारण अट आहे, आणि ५०० जीबीच्या हार्ड डिस्कऐवजी आपण बहुधा २५० जीबीची एसएसडी घेतो. नवख्या माणसाने अशा वेळी विंडोज नव्याने बसवून फायली मागाहून उतरवणे अधिक सोपे आणि स्वच्छ. शिक्षिकांच्या लॅपटॉपवर मी तेच केले आणि ४ जीबीची आणखी एक पट्टी घातली. पूर्वी बटण दाबल्यापासून ब्राउझर उघडेपर्यंत साडेचार मिनिटे लागत. आता ४० सेकंद लागतात.

विंडोज १० नंतर काय

विंडोज १० चा सर्वसाधारण पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला कागदोपत्री ४ जीबी रॅम चालते, पण टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि ठरावीक यादीतला प्रोसेसर लागतो. इंटेलच्या बाबतीत ती यादी साधारण आठव्या पिढीपासून सुरू होते. त्याहून जुन्या यंत्रावर बँकेचे व्यवहार सुरक्षितपणे चालू ठेवायचे असतील, तर विंडोजऐवजी बसवता येणारी लिनक्स ही मोफत कार्यप्रणाली हा विचारात घेण्याजोगा पर्याय आहे. लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती किमान २ जीबी रॅमवर चालते, ४ जीबीवर सुखाने चालते, आणि काहीही न पुसता आधी पेन ड्राइव्हवरून चालवून पाहता येते. त्या चाचणीत वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि इनस्क्रिप्टने मराठी टंकलेखन या चारही गोष्टी स्वतः करून पाहाव्यात. ज्यांच्याकडे श्रीलिपीत केलेल्या जुन्या फायली आहेत, जे टॅली वापरतात किंवा ज्यांना डिजिटल स्वाक्षरीचा टोकन लागतो, त्यांनी विंडोज पूर्णपणे काढून टाकू नये. ही कामे लिनक्सवर सरळपणे होत नाहीत.

काढलेली हार्ड डिस्क प्रकृतीने ठीक असेल, तर ती यूएसबी केसिंगमध्ये घालून बाहेरून जोडता येते, किंवा डीव्हीडी ड्राइव्हच्या जागी कॅडी नावाच्या चौकटीत बसवता येते. मी केसिंग सुचवतो, कारण डेटाची दुसरी प्रत त्याच लॅपटॉपच्या पोटात ठेवली तर चोरीत किंवा पाणी सांडल्यावर दोन्ही एकदमच जातात. डिस्क कोणाला द्यायची किंवा भंगारात घालायची असल्यास साधे ‘क्विक फॉरमॅट’ पुरत नाही, त्यातून फायली परत काढता येतात. फॉरमॅटच्या चौकटीतली ‘क्विक’ची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. ५०० जीबीला काही तास लागतात, तेवढा वेळ चार्जर जोडलेला ठेवावा.